घरपट्टी आणि गल्लीतली जिम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या व्यायामशाळांचे घरपट्टीचे अर्ज आणि हरकती लिहून देणं हे माझं रोजचं काम. जिमवाले, तालमीचे विश्वस्त, गाळ्याचे मालक, कधी एखादा नगरसेवक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं जिमवाल्यांना आवडणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

‘स्वतंत्र जिम’ म्हणजे नेमकी कोणती?

जिच्या पाटीवर एखाद्या साखळीचं नाव नाही आणि जिचा मालक सकाळी साडेपाचला स्वतः शटर वर करतो, ती. किराणा दुकानाच्या वरचा हजार-बाराशे चौरस फुटांचा हॉल, दोन ट्रेडमिल (त्यातली एक बंद), आरसे, डंबेल्सची रॅक आणि कोपऱ्यात मारुतीचा फोटो. आखाडा, तालीम, मंडळाची व्यायामशाळा हेही मी यातच धरतो. मात्र कायद्याच्या नजरेत गाळ्यातली जिम हा धंदा आहे आणि तालीम ही संस्था. पुढची निम्मी भांडणं यातूनच सुरू होतात.

आज महाराष्ट्रात जिमला घरपट्टीत सूट मिळते का?

जिम म्हणून नाही. बिगरनिवासी वापर लागला की बिगरनिवासी दर लागतो. मग आत दारू विका किंवा दंड-बैठका काढा.

सूट देण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नवी नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांची ४० टक्के सवलत गेली होती, ती २०२३ मध्ये परत आली. माजी सैनिकांच्या घरांसाठी राज्याने २०२० मध्ये योजना आणली. म्हणजे सूट देता येते. ती घरांना मिळाली, कारण घरात मतदार राहतात. जिममध्ये कोणी राहत नाही.

आमची तालीम सार्वजनिक न्यासाची आहे, फी नावापुरती. तरी बिल आलं. असं कसं?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये सर्वसाधारण करातून काही इमारती वगळल्या आहेत. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कारणासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारती त्यात येतात. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात हेच कलम १४३ मध्ये आहे. यात तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिला अडथळा ‘केवळ’ या शब्दाचा. कित्येक तालमींनी दुरुस्तीच्या खर्चासाठी तळमजल्यावर दोन गाळे काढून भाड्याने दिलेत. इमारतीत धंदा चालतो किंवा तिच्यावर भाडं मिळतं, असं दिसलं की कर निरीक्षकाची भुवई वर जाते. ते भाडं पूर्णपणे धर्मादाय कामालाच जातं, हे कागदावर दाखवावं लागतं. आमच्या वस्तादांचा हिशेब म्हणजे चारमिनारच्या पाकिटामागची आकडेमोड. सुनावणीत ती चालत नाही.

दुसरं, कलमात ‘व्यायामशाळा’ असा शब्द नाही. लाल मातीत पोरं घडवणं हे धर्मादाय काम आहे, हे दरवेळी नव्याने पटवून द्यावं लागतं. कोल्हापुरात मोतीबाग किंवा गंगावेश तालमीचं नाव घेतलं की पुढे बोलावं लागत नाही. पण नव्या उपनगरातल्या मंडळाला तो मान कोण देणार? गंमत म्हणजे आयकर कायद्याने धर्मादाय कारणांच्या व्याख्येत ‘योग’ हा शब्द घातला आहे. तो कायदा वेगळा, त्याचा घरपट्टीशी संबंध नाही. तरी आसनाला मान आणि जोर-बैठकांना नाही, हे मला खटकतं.

तिसरं, सूट मिळाली तरी ती सर्वसाधारण कराची. बाकीच्या ओळी बिलात राहतातच.

बाकीच्या ओळी कसल्या?

मुंबईचं बिल उघडून बघा: सर्वसाधारण कर, जलकर, जललाभ कर, मलनिस्सारण कर, मलनिस्सारण लाभ कर, महापालिकेचा शिक्षण उपकर, राज्य शिक्षण कर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथकर. यातला रोजगार हमी उपकर फक्त बिगरनिवासी जागांना लागतो आणि राज्याचा शिक्षण करही त्यांनाच जड पडतो. हे दोन्ही महापालिका गोळा करते, पण पैसा राज्याचा. त्यामुळे महापालिका कितीही उदार झाली तरी त्या ओळींना तिचा हात लागत नाही. ‘घरपट्टी माफ’ अशी घोषणा ऐकली की कोणती ओळ माफ, हे आधी विचारा.

माझी जिम भाड्याच्या गाळ्यात आहे. सूट मिळाली तर माझ्या पदरात काय पडेल?

बहुतेकांना काहीच नाही, आणि हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

घरपट्टी मुळात मालकाची. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ती कोणी भरायची, हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ सही करताना कोणी वाचत नाही. मालक भरत असेल तर सूट त्याच्या खिशात राहते. तुम्ही भरत असाल तर सूट अकरा महिने तुमची. बाराव्या महिन्यात करार नव्याने होतो, तेव्हा मालक म्हणतो, ‘तुमचं बिल कमी झालंय ना, मग भाडं थोडं वाढवू.’

पुण्यासारख्या ठिकाणी कर वार्षिक करयोग्य मूल्यावर, म्हणजे मुळात भाड्यावर, बसतो. तिथे हे चक्र आणखी चमत्कारिक होतं. भाडं वाढलं की करयोग्य मूल्य वाढतं, मूल्य वाढलं की कर वाढतो. म्हणून सूट द्यायचीच असेल तर तिच्याबरोबर अट हवी. नोंदवलेल्या करारात ‘कर सवलतीची रक्कम लायसन्सीला भाड्यातून वळती करण्यात येईल’ असं वाक्य असेल तरच सूट (लायसन्सी म्हणजे गाळा भाड्याने घेणारा, तुम्ही). हे वाक्य टाकायला मालकाला राजी करणं तुमचं काम. पाच वर्षांचा करार देऊ केलात तर तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

गुजरातने जिमची घरपट्टी माफ केली होती ना?

केली होती, एका वर्षासाठी. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात, तिथल्या सरकारने आधी हॉटेलं, रेस्टॉरंट आणि वॉटर पार्कना, मग चित्रपटगृहं आणि जिमना, १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२ या काळाचा मालमत्ता कर माफ केला. वीजबिलातला स्थिर आकारही सोडला. पण ती मदत ‘तुमचा धंदा बंद होता म्हणून’ होती. लोकांचं आरोग्य सुधारावं हा तिचा हेतू नव्हता. मागणी करताना गुजरातचा दाखला जरूर द्या, फक्त तो कशाचा आहे हे लक्षात असू द्या.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये पडलेलं शटर २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी वर गेलं. सात महिने. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा खाली. त्या काळातल्या बिलांवरून अजून लोक माझ्याकडे येतात.

त्या बंद काळाची घरपट्टी आता परत मिळेल का?

आशा धरू नका. जागा रिकामी असेल तर कराचा परतावा मागण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्यासाठी जागा रिकामी असल्याची लेखी सूचना त्या वेळीच द्यावी लागते. शिवाय भाडेकरूचा ताबा चालू असेल तर, तो आत पाऊल टाकत नसला तरी, जागा रिकामी धरत नाहीत. तुमची यंत्रं आत होती आणि कुलपाची किल्ली तुमच्याकडे होती. कायद्याच्या हिशेबाने गाळा भरलेलाच होता.

सूट मिळाली तर फी कमी होईल का?

कागद-पेन्सिल घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे घालून बघा.

भाडं महिना ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०,०००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ४,३२,०००. सगळे कर मिळून दर निम्मा धरला तर घरपट्टी २,१६,००० रुपये, म्हणजे महिन्याला १८,०००. जिमला १५० सभासद, सरासरी फी महिना १,००० रुपये. प्रत्येक सभासदाच्या हजारातले १२० रुपये घरपट्टीला जातात. आता निम्मी सूट द्या. माणशी ६० रुपये वाचतात.

६० रुपयांसाठी कोणी जिमला येणार नाही आणि कोणी सोडणारही नाही. त्यामुळे ‘सूट द्या, आम्ही फी कमी करतो’ हे निवेदनातलं आवडतं वाक्य काढून टाका. कोणताही लेखा अधिकारी हे गणित दोन मिनिटांत करतो.

पण तेच ६० रुपये एका ठिकाणी गोळा केले तर वर्षाला १,०८,००० होतात, म्हणजे महिन्याला ९,०००. एवढ्यात दुपारच्या दोन-तीन तासांसाठी एक महिला प्रशिक्षक ठेवता येते. गल्लीतली जिम अकरा ते चार मेलेली असते. भाडं चालू, घरपट्टी चालू, शटर अर्धं खाली आणि मालक बेंचवर आडवा. आमच्या भागातल्या एका जिमने त्या वेळेत बायकांची बॅच काढली. दारावर वहीचा कागद, त्यावर बॉलपेनने ‘महिला बॅच दु. १ ते ३, पुरुषांना प्रवेश नाही’. पहिल्या महिन्यात चौघी आल्या. त्यातल्या एक आजी साडीवरच यायच्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायच्या-बसायच्या, घाम पुसायच्या आणि जायच्या. तीन महिन्यांनी त्यांनी दोन किलोचं डंबेल मागून घेतलं. पुढे प्रशिक्षक बाईंचा पगार परवडेना आणि कागद उतरला.

सूट मागायची ती त्या कागदासाठी.

एका बॅचने सार्वजनिक आरोग्यात काय फरक पडणार?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. २०२४ मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या अंदाजानुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचं प्रमाण २००० साली २२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेलं. बायकांमध्ये ते ५७ टक्के आहे आणि पुरुषांमध्ये ४२. म्हणून दुपारची बॅच.

दुसरी गोष्ट पुण्यातल्या संशोधनाची. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायू कमी असतात. दिसायला बारीक, आतून चरबी. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायूंचं आहे. ज्यांच्याकडे मुळात स्नायू कमी, त्यांनी ते कमावण्याची जास्त गरज. आपल्याकडे मात्र ‘मी बारीकच आहे, मला कशाला जिम’ म्हणणारे लोक सर्वांत जास्त.

मग चालायला सांगा. चालणं फुकट आहे.

चालाच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पण त्याच शिफारशीत पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आहे आणि ६५ वर्षांपुढच्यांसाठी तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम आहे. तो भाग सोयीस्करपणे गाळला जातो. फुटपाथवर ताकद मिळत नाही, आणि आमच्याकडे तर फुटपाथही मिळत नाही.

बागेत खुल्या व्यायामशाळा आहेत की.

आहेत, आणि त्यासाठी राज्याची व्यायामशाळा विकास अनुदान योजनाही आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा, तालमींना तिचा उपयोग होतो. पण बागेतल्या यंत्राला वजन वाढवता येत नाही, गुडघा चुकीचा वाकतोय हे सांगायला तिथे कोणी नसतं आणि जूनपासून चार महिने सगळं ओलं. मुलांना झोका म्हणून छान.

सूट दिल्याने लोक जास्त व्यायाम करतात, याचा पुरावा आहे का?

घरपट्टी कमी केली आणि मधुमेह कमी झाला, असा थेट पुरावा नाही. कोणी तसं म्हणत असेल तर तो यंत्रं विकतोय.

आसपासचे अनुभव आहेत. कॅनडाने २००७ पासून मुलांच्या खेळ-व्यायामाच्या फीवर आयकरात सवलत दिली. तिचा फायदा प्रामुख्याने सुखवस्तू घरांनी घेतला, ज्यांची मुलं तशीही खेळायला जात होती. दहा वर्षांत ती योजना गुंडाळली. धडा असा की सवलत माणसाच्या करात दिली तर ती आधीच व्यायाम करणाऱ्याला मिळते. जागेच्या करात, अटीसह दिली तर निदान दार नव्या माणसासाठी उघडतं. हे दुसरं वाक्य माझं मत आहे.

अमेरिकेत तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासली गेली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. दरवेळी दहा डॉलरचा पास घेतला असता तर स्वस्त पडलं असतं. आपल्याकडे १ जानेवारीला वार्षिक फी भरून संक्रांतीला गायब होणारे काय वेगळे आहेत? म्हणून सूट सभासदांच्या आकड्यावर देऊ नये. हजेरीच्या रजिस्टरवर द्यावी.

परदेशात जिमच्या इमारतीला सूट असते का?

इंग्लंडचं उदाहरण आपल्या उपयोगाचं आहे. तिथे व्यावसायिक जागांवरच्या कराला बिझनेस रेट्स म्हणतात. धर्मादाय संस्थांना त्यात ८० टक्के सूट असते आणि पालिकांची कित्येक क्रीडासंकुलं धर्मादाय न्यास चालवतात. शेजारच्या खासगी छोट्या जिमला ही सूट नाही, म्हणून ती वैतागते. कोविडनंतर दुकानं, हॉटेलं आणि जिमसारख्या जागांना वेगळी सूट मिळाली, ती २०२५-२६ मध्ये ४० टक्के होती. तिची खरी हुशारी मर्यादेत होती: एका व्यवसायाला, शाखा कितीही असोत, वर्षाला १,१०,००० पौंडांपेक्षा जास्त सूट नाही. साठ शाखांच्या साखळीला ती रक्कम किरकोळ, एकट्या जिमवाल्याला पुरून उरते. आपल्याकडेही ‘स्वतंत्र जिम’ची व्याख्या करत बसण्यापेक्षा अशी एक मर्यादा पुरेल.

जीएसटी कमी झालाय. मग आणखी सूट कशाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे खरं. पण इनपुट क्रेडिट गेलं. भाड्यावर आणि यंत्रांवर भरलेला जीएसटी आता वळता करून घेता येत नाही. आणि वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या जिमला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे तिला या कपातीने काहीच मिळालं नाही. वरच्या उदाहरणातली १८ लाखांची जिम तशीच.

सरसकट सगळ्या जिमना सूट द्यावी का?

नाही. ज्या जिमच्या लॉकरमध्ये मेफेन्टरमाइनच्या बाटल्या सापडतात तिला एक रुपया देऊ नये. रक्तदाब घसरल्यावर डॉक्टरांनी द्यायचं हे इंजेक्शन, जिममध्ये ‘टर्मिन’ नावाने ‘पंप’साठी, म्हणजे स्नायू फुगवण्यासाठी, टोचलं जातं. स्टेरॉइडचंही तेच. अशा जागेला आरोग्याच्या नावाने सवलत देणं म्हणजे विनोद. तळघरातल्या, दुसरी वाट नसलेल्या जिमचंही तेच. बांधकाम अनधिकृत असेल तर करावर शास्ती (दंड) लागते ती वेगळीच, आणि कोणतीही सूट ते बांधकाम कायदेशीर करत नाही.

महापालिकेच्या तिजोरीचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, इतर शहरांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, बहुतांशी त्याआधीच गेला होता. स्वतःच्या हातात राहिलेलं मोठं उत्पन्न म्हणजे घरपट्टी. त्यातून एकाला सूट म्हणजे दुसऱ्यावर बोजा किंवा एखादा दवाखाना बिनरंगाचा. मी अधिकाऱ्यांना एवढंच सांगतो की दोन तासांच्या बॅचच्या बदल्यात सूट द्या. महापालिकेने स्वतःची व्यायामशाळा बांधून, यंत्रं घेऊन, ठेकेदार नेमून तेवढेच तास चालवले तर किती खर्च येतो, तो आकडा शेजारी मांडा.

थकबाकी आहे. सूट येईपर्यंत थांबू का?

अजिबात नाही. शास्ती महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. अभय योजना येते तेव्हा शास्तीचा काही भाग माफ होतो, पण ती येईल या भरवशावर थांबलेले लोक मी पाहिलेत. ते आता माझी फी हप्त्याने देतात.

बिलच चुकीचं वाटतंय. काय करू?

आधी क्षेत्रफळ मोजा. टेप घेऊन, स्वतः. जिना, सामाईक व्हरांडा, शेजारच्या गाळ्याची भिंत तुमच्या नावावर लागलेली असते. मग वापराचा प्रकार आणि कोणत्या वर्षापासून आकारणी केली ते बघा. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला करार आणि नकाशा घेऊन जा. नाहीच पटलं तर मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात अपील करता येतं, पण कराची रक्कम आधी भरावी लागते.

सवलतीची मागणी करायची तर कोणाकडे आणि कधी?

निवेदन आयुक्तांच्या नावे, प्रत स्थायी समितीला आणि आरोग्य विभागाला. आरोग्य विभागाची प्रत सगळे विसरतात. ‘आमचा धंदा अडचणीत आहे’ असं लिहू नका, तसं लिहिणारे रांगेत शंभर आहेत. काय देणार ते लिहा: रोज कोणते दोन तास बायकांसाठी आणि ज्येष्ठांसाठी, किती फीत, प्रशिक्षक कोण, रजिस्टर कधी तपासायला मिळेल. सोबत मालकाचं संमतिपत्र जोडा.

पुढच्या वर्षीच्या कराचे दर महापालिकेला २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. निवेदन मार्चमध्ये दिलं तर ते वर्षभर फायलीत झोपतं. दिवाळीचा फराळ संपला की लिहायला बसा.